पत्र्याच्या घरासाठी पांढरा ‘कूल रूफ’ रंग : दोन उन्हाळ्यांनंतरचे परीक्षण

हार्डवेअरच्या दुकानात ‘कूल रूफ पेंट’ किंवा ‘हीट रिफ्लेक्टिव्ह कोटिंग’ या नावाने मिळणारा पांढरा रंग पत्र्याच्या घरासाठी घ्यावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘अवश्य घ्यावा’ असेच आहे. मात्र तो डब्यावरच्या जाहिरातीवर विसंबून न घेता, तो नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही हे समजून घेऊन घ्यावा. पूर्व नागपुरात, पारडीच्या पुढे भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या बाजूला असलेल्या एका वस्तीत आम्ही काही जण मिळून शाळकरी मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. एकच खोली, विटांच्या भिंती आणि वर लोखंडी पत्रा अशी तिची रचना असून, मार्च संपत आला की दुपारच्या वेळी तिथे मुलांना बसवणे आम्हाला अशक्य होत असे. हा रंग त्या छताला लावल्यानंतर दोन उन्हाळे आणि मधला एक पावसाळा गेला आहे. शेजारचे घर त्याच मापाचे, त्याच पत्र्याचे आणि पहिल्या उन्हाळ्यात बिनरंगाचे होते, त्यामुळे फरक शेजारी शेजारी पाहता आला.

मे महिन्यातील दुपार पत्र्याखाली काढण्याची वेळ ज्यांच्यावर आलेली नाही, त्यांना या खरेदीचे महत्त्व चटकन लक्षात येणार नाही. नागपूरचे आजवरचे सर्वाधिक अधिकृत तापमान ४७.९ अंश सेल्सिअस असून ते २३ मे २०१३ रोजी नोंदले गेले. पण वेधशाळेचा कोणताही आकडा हा मोकळ्या जागेतील, हवा खेळत्या पेटीत सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. दाट वस्तीतील खोलीची गोष्ट वेगळी आहे. घराला घर लागलेले, गल्लीत झाड लावायला जागा नाही, एकच दार, खिडकी असलीच तर ती शेजारच्या भिंतीवर उघडणारी, स्वयंपाक त्याच खोलीत आणि डोक्यावर मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा. स्लॅबला तापायला काही तास लागतात, पत्र्याला काही मिनिटे पुरतात, आणि ऐन दुपारी उघडा पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो. अशा वेळी घरात कोण असते, हेही पाहिले पाहिजे. कामावर जाणारी माणसे बाहेर असतात; मागे उरतात त्या शिवणकाम किंवा पापड करणाऱ्या बायका, म्हातारी माणसे, बाळंतीण आणि तिचे तान्हे मूल. गरीब वस्त्यांतील पर्यावरणाच्या प्रश्नांची चर्चा कचरा, नाला आणि पाणी यांभोवती फिरते आणि ती व्हायलाच हवी. परंतु घराच्या छतातूनच रोज आत येणारी ही उष्णता हाही त्याच यादीतला प्रश्न आहे, आणि तो आजवर फार दुर्लक्षित राहिला आहे असे मला वाटते.

हा रंग कसा काम करतो हे समजायला अवघड नाही. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगात टायटॅनियम डायऑक्साइडसारखे पांढरे रंगद्रव्य भरपूर प्रमाणात असते, त्यामुळे उन्हाचा मोठा भाग छतावरूनच परत फेकला जातो, आणि जी थोडी उष्णता शोषली जाते ती हा थर पुन्हा आकाशाकडे चटकन सोडून देतो. यातील दुसरा गुण पत्र्याच्या बाबतीत विशेष मोलाचा आहे. नवा चकचकीत पत्रादेखील ऊन बऱ्यापैकी परत फेकतो, परंतु शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात उघडा धातू फार कमी पडतो, म्हणून तो दिसायला चंदेरी असूनही हाताला चटका देतो. आणि काही वर्षांत तो काळपटला, गंजला की उरलीसुरली चमकही कामाची राहत नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत थंड छतासाठी परावर्तनाचे प्रमाण किमान ०.६० आणि उष्णता सोडण्याचे प्रमाण किमान ०.९० असावे असे म्हटले आहे. खरेदी करताना डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकावर हे दोन आकडे, निदान या दोन्ही गुणांचा एकत्रित हिशेब सांगणारा ‘एसआरआय’ हा निर्देशांक तरी, छापलेला आहे का ते पाहावे. नुसते ‘उष्णतारोधक’ असे लिहिलेला साधा पांढरा रंगही बाजारात मिळतो, आणि दुकानदाराला त्यातला फरक ठाऊक असतोच असे नाही.

माझा मुख्य आक्षेप आहे तो जाहिरातीतील दाव्यांवर. ‘तापमान १० ते १५ अंशांनी कमी’ अशी वाक्ये या डब्यांवर सर्रास आढळतात. ती सरळ खोटी नसतात, पण तो फरक असतो पत्र्याच्या पृष्ठभागाचा. खोलीतील हवेचा नव्हे. घेणारा मात्र हा आकडा स्वतःच्या खोलीला लावतो आणि एसी बसवल्यासारखा गारवा होईल अशी अपेक्षा धरतो. थंड छतामुळे खोलीतील तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरते, असे भारतातील आजवरच्या प्रयोगांचे सर्वसाधारण निष्कर्ष आहेत, आणि आमचा अनुभवही त्याच मर्यादेत बसतो. भिंतीवर टांगलेल्या साध्या तापमापकावर, ऐन दुपारी, आमची खोली शेजारच्या बिनरंगाच्या खोलीपेक्षा साधारण तीन-चार अंशांनी कमी राहत असे. बाहेरची हवाच ४४ अंशांची असेल, तर कोणताही रंग खोलीला त्याखाली फारसे नेऊ शकत नाही. तो एवढेच करतो की बाहेर आहे त्यापेक्षा आत अधिक तापू देत नाही.

तरीही केवळ तीन-चार अंशांवरून या रंगाचे मोजमाप करणे चुकीचे ठरेल. तापलेला पत्रा हवा तापवतो तेवढ्यावर थांबत नाही. तो खालच्या माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यांवर थेट धग ओकत असतो, आणि भिंतीवरच्या तापमापकाला ही धग पुरती कळत नाही. पहिल्या एप्रिलमध्ये आमच्या खोलीत दुपारी दोनच्या सुमारास स्टुलावर उभे राहून मी पत्र्याला आतून हात लावला, तेव्हा तो कोमट लागला आणि हात तसाच ठेवता आला; शेजारच्या घरात तोच हात लावताक्षणी मागे घ्यावा लागला. त्या घरातील आजी आमच्या खोलीत येऊन बसल्या आणि वर पाहत म्हणाल्या, “इथं डोकं नाही जळत जी.” या रंगाने काय साधते, हे त्यांच्या या वाक्याइतके नेमके मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडले नाही. मुले आता दुपारी चारच्या आधीही बसतात, पंख्याची हवा पूर्वीसारखी भाजणारी लागत नाही, आणि सूर्य मावळल्यावर खोली लवकर निवते. रात्रीचा फायदा मात्र मर्यादित आहे, कारण दिवसभर तापलेल्या विटांच्या भिंती उशिरापर्यंत उष्णता सोडतच राहतात आणि त्यांवर छताच्या रंगाचा काही इलाज चालत नाही.

रंग चांगला असूनही काम बिघडते ते बहुधा लावण्यापूर्वीच्या तयारीत. वस्तीतील छतावर सरपण, जुनी सायकल, फुटका ड्रम, आणि वादळात पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले दगड व टायर असा सगळा संसार असतो. तो आधी उतरवावा लागतो. त्यानंतर लोखंडी पत्र्यावरील गंज तारेच्या ब्रशने घासून काढणे, गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड या गंजरोधक अस्तराचा हात देणे, खिळ्यांच्या आणि हुकांच्या भोकांत गळती असेल तर ती बुजवणे, आणि सगळे छत पाण्याने धुऊन पूर्ण वाळू देणे, एवढे झाल्याशिवाय ब्रश उचलू नये. अगदी नव्या, गुळगुळीत जस्ती पत्र्यावर हा रंग थेट धरत नाही. त्याला जस्तासाठी असलेला वेगळा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, लागतो, अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटू लागतात. मुरलेल्या जुन्या पत्र्यावर पकड उलट चांगली बसते. हात दोन द्यावेत, दुसरा पहिल्याला आडवा, आणि पहिला पूर्ण वाळल्यावरच. काम भल्या सकाळी सुरू करून ऊन चढण्याआधी थांबवावे, कारण तापलेल्या पत्र्यावर रंग चिकटण्याआधीच वाळतो आणि पुढे त्याची भुकटी होते. नागपुरात यासाठी फेब्रुवारी हा उत्तम महिना आहे. लोक मात्र नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वाधिक तापणारे नऊ दिवस, अंगावर आल्यावर डबा आणायला धावतात. पन्हळींमुळे छताचे क्षेत्रफळ खोलीच्या मापापेक्षा अधिक भरते, हेही हिशेबात धरावे. दहा बाय बाराच्या खोलीला दोन हातांसाठी आम्हाला सहा लिटरच्या आसपास रंग लागला.

छतावर चढणाऱ्याच्या जिवाची काळजी घेणे ही या कामातील सर्वांत मोठी जबाबदारी आहे आणि तिचा उल्लेख डब्यावर कुठेही नसतो. पत्र्यावर चालताना खिळ्यांच्या रांगेवरूनच पाय टाकावा, कारण खाली आधाराची वळी किंवा पाइप तिथेच असतो; दोन रांगांच्या मध्ये पाय पडला की जुना पत्रा वाकतो किंवा फाटतो. सिमेंटच्या पत्र्यावर तर फळी आडवी टाकल्याशिवाय चढूच नये, तो इशारा न देता तुटतो. याच सिमेंटच्या पत्र्यांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. आपल्याकडील अशा जुन्या पत्र्यांपैकी बहुतेकांत ॲस्बेस्टॉस असते, आणि त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास पुढे अनेक वर्षांनी कर्करोगासह गंभीर आजार होऊ शकतात. म्हणून लोखंडी पत्र्यासारखे ते तारेच्या ब्रशने किंवा सँडपेपरने घासू नयेत, कोरडे तर मुळीच नाही. भिजवून मऊ झाडूने वरची माती व शेवाळ हलकेच काढावे आणि वाळल्यावर रंग द्यावा. रंगाच्या थरामुळे पत्र्याचा झिजणारा पृष्ठभाग बांधला जातो, हा सिमेंटच्या पत्र्याच्या बाबतीत एक जास्तीचा लाभच आहे. परंतु दुकानात हा रंग विकताना आम्हाला कोणीही ‘पत्रा कोणता?’ असे विचारले नाही, आणि लोखंड घासण्याची सूचना सिमेंटच्या पत्र्यासाठीही तशीच दिली गेली, ही बाब मला गंभीर वाटते.

टिकाऊपणाच्या बाबतीत कंपन्या तीन ते पाच वर्षांची भाषा करतात. रंगाचा थर म्हणून तो तेवढा टिकेलही. पांढरेपणा टिकत नाही. आमच्या बाजूला हे अधिक तीव्रतेने जाणवते. भांडेवाडीत शहराचा कचरा वर्षानुवर्षे साचत आला आहे, उन्हाळ्यात तिथे आगी लागतात, आणि त्या धुराची काजळी व जड वाहनांच्या रस्त्यांची धूळ आसपासच्या प्रत्येक छतावर बसते. पहिला उन्हाळा संपण्याच्या आतच आमचे छत दुधाळ न राहता राखाडी दिसू लागले होते, आणि त्यासोबत खोलीतील फरकही कमी झाल्याचे जाणवत होते. पावसाने ते बरेचसे धुतले गेले. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही बादलीभर पाण्यात थोडी साबणाची पूड घालून लांब दांड्याच्या झाडूने ते पुन्हा धुतले आणि गेलेला गुण बहुतांशी परत आला. म्हणजे वर्षातून एकदा, फेब्रुवारी-मार्चमध्ये, छत धुणे हा या उत्पादनाच्या वापराचाच भाग धरला पाहिजे. ज्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे छत धुवायला पाणी काढणे ही साधी गोष्ट नाही, याचीही मला जाणीव आहे. कचरा डेपोचा धूर आणि घरातील उष्णता हे महापालिकेच्या कागदांवर वेगवेगळ्या खात्यांचे विषय असतील, इथे ते एकाच पत्र्यावर येऊन बसतात.

स्वस्त पर्यायांचा विचार आम्ही केला होता. चुन्याची सफेदी सर्वांत स्वस्त, आणि स्लॅबवर ती चांगले काम देते. पत्र्यावर मात्र ती डिंक किंवा फेविकॉल घालूनही धरत नाही आणि पहिल्या जोरदार सरीत ओघळून जाते. निव्वळ एका उन्हाळ्यापुरते पाहायचे असेल आणि हातात पैसे नसतील, तर काहीच न करण्यापेक्षा चुना बरा. पत्र्याखाली थर्माकोलचे तक्ते लावण्याची पद्धत वस्तीत बरीच रूढ आहे आणि त्याने धग कमीही होते, पण खाली गॅस, वर उघड्या वायरी आणि मध्ये क्षणात पेट घेणारे थर्माकोल ही रचना मला धोकादायक वाटते. निवडणुकीनंतर मिळालेले फ्लेक्स छतावर पसरल्याने गळती थांबते, पण बहुतेकांची छापील बाजू गडद असल्याने उष्णतेला त्याचा विशेष अटकाव होत नाही. दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल छतावर चढवणे हा मला मनापासून आवडणारा उपाय आहे आणि गल्लीच्या टोकाच्या एका घराने तो सुंदर साधला आहे. मात्र त्याला माती आणि पाणी दोन्ही लागते आणि ऐन मे महिन्यात तो वाळतो. राहता राहिला कूलर. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो रंगापेक्षा कितीतरी अधिक गारवा देतो, यात शंका नाही. पण त्याला रोज पाणी हवे, वीज हवी, बाहेरची हवा आत घ्यायला खिडकी हवी, आणि अर्थिंग नीट नसेल तर विजेचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. ज्याच्याकडे कूलर आहे त्यानेही छत रंगवावे असे मी म्हणेन. छत तापले नाही तर कूलरला कमी झगडावे लागते.

किमतीकडे येतो. चांगल्या प्रतीचा रंग सुट्या लहान डब्यात लिटरमागे बराच महाग पडतो आणि वीस लिटरच्या बादलीत तोच लक्षणीय स्वस्त मिळतो. एका खोलीला सहा लिटर पुरतात, म्हणजे ज्याचे घर सर्वांत लहान त्याला दर सर्वांत चढा, अशी ही बाजारपेठेची रचना आहे. आम्ही तीन घरांनी मिळून एक बादली घेतली आणि त्यामुळे प्रत्येकाचा रंगाचा खर्च दोन हजार रुपयांच्या आत राहिला. प्रायमर, ब्रश आणि रंगाऱ्याची मजुरी त्याहून वेगळी. रोजंदारीवर चालणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. त्याहून मोठी अडचण भाडेकरूंची आहे. वस्तीतील अनेक खोल्या भाड्याच्या आहेत. मालक दुसरीकडे राहतो, त्याला छतावर खर्च करण्याचे कारण नाही, आणि अकरा महिन्यांनी खोली सोडावी लागेल या धास्तीने भाडेकरू दुसऱ्याच्या पत्र्यावर पैसे घालत नाही. रंग कितीही चांगला असला, तरी हा पेच दुकानात सुटणारा नाही.

म्हणूनच वस्तू म्हणून मी या रंगाला पाचपैकी चार गुण देईन, आणि तो ज्या पद्धतीने विकला जातो तिला दोन. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत तो सार्वजनिक सेवा म्हणून पोहोचवणे शक्य आहे, याची उदाहरणे देशातच आहेत. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासातून पुढे आले, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा आखला, आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील सुमारे ३,००० छते पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच शहरातील वंजारा वास या वस्तीत २०२५ मध्ये सुमारे ४०० घरांचा अभ्यास सुरू झाला; काही घरांची छते रंगवून आणि काहींची तशीच ठेवून रहिवाशांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, हे तपासणे हा त्याचा हेतू होता. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छते या प्रकारची करण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण त्यातही सक्ती आहे ती सरकारी, व्यावसायिक आणि मोठ्या भूखंडांवरील इमारतींना, लहान घरांना ते ऐच्छिक आहे. लहान घरांवर सक्ती नको, हे योग्यच. पण सक्ती नाही म्हणून मदतही नाही, असे होऊ नये. घराघरांवर फवारणी करणारी पथके महापालिका पाठवू शकते, तर फेब्रुवारीत रंगाची बादली, प्रायमर आणि प्रशिक्षित रंगारी घेऊन गल्लीगल्लीत जाणारे पथकही पाठवू शकते, आणि मग घर मालकाचे की भाडेकरूचे हा प्रश्न उरत नाही.

तोवर आमच्या गल्लीपुरती व्यवस्था आम्ही अशी केली आहे : ज्या घरांना रंग हवा आहे त्यांनी दिवाळीपासून महिन्याला थोडी रक्कम अभ्यासिकेत जमा करायची, जानेवारीच्या अखेरीस एकत्र बादल्या घ्यायच्या, आणि लोखंडी पत्र्याची घरे व सिमेंटच्या पत्र्याची घरे यांची यादी आधीच वेगळी करून, सिमेंटच्या पत्र्यांचे काम फळ्या आणि पाण्याची सोय झाल्यावरच हाती घ्यायचे. छतावर चढण्याचे काम मुलांना सांगायचे नाही, ते ज्यांना त्याची सवय आहे अशा दोन रंगाऱ्यांनीच करायचे, हेही त्यात ठरले आहे.